सायकल दिसली, सम्राट दिसेना

तिसगाव, ता. १३ डिसेंबर १९९९

चि. सम्राट, तुझ्या अण्णांचा सप्रेम जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. आईचा गुडघा सोडला तर आम्ही दोघं ठणठणीत आहोत. तुझी खुशाली मुद्दाम विचारतो, कारण ती फोटोत कुठे सापडली नाही. (हे पत्र कन्याकुमारीच्या पोस्टाच्या पत्त्यावर ‘सम्राट येईल तेव्हा द्यावे’ असं लिहून टाकतोय. मी रिटायर झालो तरी पोस्टमनचा शब्द पोस्टमन राखतो.)

तू कॉलेजचा डिजिटल कॅमेरा गळ्यात अडकवून सायकलवरून कन्याकुमारीला निघालास आणि वाटेतून फोटो इंटरनेटवर टाकतोस, म्हणून काल आम्ही ते बघायला नगरला गेलो. माझी सायकल तुझ्याकडे, तेव्हा वडाप जीपने. सतरा माणसं आणि एक बोकड. बोकड आईच्या मांडीवर. तुझा दोस्त तुषार, त्याच्या सायबर कॅफेत शिरताना आईने चपला बाहेर काढल्या आणि शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा कॉम्प्युटरपुढे ठेवला. तिकडून फोटो येतो तर इकडून डबा का जात नाही, हे तिने तुषारला दोनदा विचारलं. लाडू त्यानेच खाल्ले.

आणि हे फोटो उतरायची तऱ्हा काय रे! वरून खाली, रेघ रेघ करत. अठ्ठावीस वर्षं टपाल वाटलं, पण कुणाला पाकीट असं चिमटीचिमटीने दिलं नाही. आधी आभाळ आलं, मग नारळ, मग हॅण्डल. आई म्हणे, “आता यील बघा त्यो.” आली सायकल! दुसऱ्यात समुद्र आणि सायकल. तिसऱ्यात पूल आणि सायकल. अकरा फोटो, अकराही वेळा सायकल. मडगार्ड पुसलेलं, घंटी चकचकीत. (रोज पुसत जा असं निघताना बजावलं होतं, ते पाळतोयस हे दिसलं.) सायकलीची तब्येत सुधारली. तुझं काय?

बाराव्या फोटोत सायकलीशेजारी तुझी सावली पडली होती. आईने लगेच काचेवर बोट ठेवलं. “आवो, लई वाळलाय वो माझा.” मी समजावलं, की संध्याकाळची सावली लांब पडते, बारीक दिसते. ऐकेल तर शपथ! पदराने काच पुसत बसली. तेवढ्यात वीज गेली. आपण पुसलं म्हणून तू गेलास असं तिला वाटलं, आणि घरी येईपर्यंत तिने तो पदर मुठीत धरून ठेवला.

तुझा,
अण्णा

ता. क. कुणा वाटसरूच्या हातात कॅमेरा दे. आभाळ कमी घे. तोंड वरच्या बाजूला येऊ दे, म्हणजे वीज जायच्या आत पोचेल.

ता. क. हे आईसाठी हं. मला काही घाई नाही.

ता. क. पाकीट चिकटवताना आईने विचारलं, “पोरगं सायकलीचंच फोटू का काढतंय, ठाव हाय का?” मग आठवलं. सायकलीला ओरखडा आला तर घरात पाऊल टाकू नकोस, असं मीच ओरडलो होतो. अरे वेड्या, म्हणून रोज मला ती दाखवतोयस होय? मोडली तर मोडू दे. टाक तिथंच आणि रेल्वेने ये. लाडू परत वळून ठेवलेत. तुषारला सांगितलेलं नाही.