क्वेन्का: चाळीस दिवसांत स्थायिक व्हा

सोमवार, ८ जानेवारी. सकाळ.
आजपासून रोजनिशी. नागरी नोंदणी कचेरीत सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे जन्म-मृत्यू लिहिले, आता निवृत्तीनंतर थोडं स्वतःचं.
संकल्प तीन. एक, परदेशातून आमच्या क्वेन्कात राहायला येणाऱ्या म्हाताऱ्या मंडळींसाठी मार्गदर्शक पुस्तक पुरं करणे. नाव ठरलंय: ‘क्वेन्का: चाळीस दिवसांत स्थायिक व्हा’. नाव ठरलं म्हणजे निम्मं काम झालं. दोन, रोज वीस इंग्रजी शब्द. तीन, पहाटे पाचला उठणे.
बारा मार्चला खाली ग्वायाकीलच्या अमेरिकन वकिलातीत व्हिसाची मुलाखत. माझी आणि बायकोची, सोयलाची. आमची ग्लेंदा न्यूयॉर्कला असते, मार्चअखेर बाळंत होणार. तिची कागदपत्रं अर्धवट. देशाबाहेर पडली तर परत घेणार नाहीत, म्हणून आम्हीच जायचं. नऊ वर्षं झाली तिला पाहून. फोनवर दिसते, पण फोनवर माणूस कपाळापासून हनुवटीपर्यंतच असतो.
सोयलाला काळजी वाटते. मला नाही. ज्याने सव्वीस वर्षं शिक्के मारले त्याला व्हिसाचं काय कौतुक!

मंगळवार, ९ जानेवारी. साडेआठ.
पाचला उठलो नाही. थंडी होती. पाचाऐवजी सहा असा बदल केला आहे. इंग्रजी शब्द: चार.
कागदपत्रांच्या मदतीसाठी नवीन क्लायंट आली. लोरेटाबाई, ओहायोच्या, वय एकाहत्तर, विधवा. सामान: दोन सुटकेसा, एक मांजर. पहिलाच प्रश्न, इथे दम लागतो तो किती दिवस लागतो. म्हटलं, बाई, उंचीवरचं गाव आहे, आठवडाभर सावकाश चाला आणि रात्री कमी जेवा. वही काढून लिहून घेतलं. अशी क्लायंट असावी.

मंगळवार, २३ जानेवारी.
लोरेटाबाईंना ओळखपत्रासाठी परदेशी नागरिकांच्या कचेरीत नेलं. कचेरी तिथे नव्हती. गेल्या वर्षीच हलली म्हणे. कुणी कळवायला नको? नव्या जागी तीन जिने. बाई चढल्या. मला मध्ये बसावं लागलं.
फोटो निळ्या पार्श्वभूमीचे नेले होते, माझ्याच सांगण्यावरून. पांढरी लागते. माझ्या वेळी निळी होती. कारकून फार सभ्य. म्हणाला, आत्ता होतंय. बाईंनी मला विचारलं, आत्ता होतंय म्हणजे होणार की नाही? त्यांना समजावलं की आमच्याकडे कुणी कुणाला ‘नाही’ म्हणत नाही, ते रीतीला धरून नाही. ‘आत्ता होतंय’ म्हणजे आज, किंवा गुरुवारी, किंवा आणखी कधीतरी. बाई म्हणाल्या, किंवा कधीच नाही? म्हटलं, तेही त्यातच येतं.
थकलो. शब्द: शून्य. पण दिवसभर इंग्रजी ऐकलं, ते धरायला हरकत नाही.

बुधवार, ३१ जानेवारी.
लोरेटाबाईंचं ओळखपत्र आलं! बावीस दिवसांत! पुस्तकाचं नाव बदलून ‘तीस दिवसांत’ करावं का?
सोयला म्हणते, तिला बाजारात त्या कारकुनाची सासू भेटली. उकडलेला मका घेताना विषय निघाला, कुठला कागद कमी आहे ते सासूबाईंनी घरी विचारून सांगितलं, आणि सोयला बाईंना घेऊन जाऊन तो देऊन आली. असेल. पाया मी घातला होता.

सोमवार, १२ फेब्रुवारी. दुपार.
व्हिसाची फाइल तयार. एकशे बेचाळीस पानं. घराचा उतारा, पेन्शनचा दाखला, माझी चांगल्या वर्तणुकीची तीन प्रमाणपत्रं, निरोप समारंभाचा फोटो. फक्त एका दाखल्यावर नोटरीची सही राहिली होती, म्हणून फाइल काखेत मारून निघालो.
आज कार्निव्हल आहे, गावभर एकमेकांवर पाणी ओततात, हे लक्षात आलं नाही. नोटरीचं दार बंद. कोपऱ्यावरच्या सज्जातून पूर्ण बादली आली. वर बघितलं तर आमच्या चर्चचे वाद्यवृंदवाले मास्तर, वय अडुसष्ट. ओरडले, लेओनिदास, आजच्या दिवशी फाइल घेऊन कोण फिरतं रे, तू काय परदेशी आहेस?
सोयलाने पानं दोरीवर वाळत घातली, मग एकेक पान इस्त्री केलं. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.
पुस्तकासाठी नोंद: कार्निव्हलच्या दिवसांत कागदपत्रं घेऊन बाहेर पडू नये.

रविवार, २५ फेब्रुवारी.
मुलाखतीची तालीम. लोरेटाबाई अधिकारी झाल्या. विचारलं, परत येणार का? मी मुद्देसूद उत्तर दिलं. बाईंनी घड्याळ दाखवलं, अकरा मिनिटं झाली होती. म्हणाल्या, नुसतं ‘हो’ म्हणा. बाई भल्या, पण त्यांना कचेरीची भाषा कळत नाही.
सोयलाला म्हटलं, तूही तयारी कर. ती बटाटे सोलत होती. म्हणाली, विचारा. विचारलं, अमेरिकेला कशासाठी जाणार? म्हणाली, पोरीला चाळीस दिवस कोंबडीचं सूप घालायला. विचारलं, पुरावा? तिने सुरी खाली ठेवून माझ्याकडे नुसतं बघितलं.
तिचं कठीण दिसतंय. तिला नाकारलं तर मला एकट्याला जावं लागेल. तोवर तिच्याशी जरा गोड वागायचं ठरवलं आहे.

मंगळवार, १२ मार्च. ग्वायाकील.
पहाटे तीनची बस. घाटात धुकं, खाली उतरल्यावर भट्टी. फाइल तीन किलो. कोट घातला होता, त्याचा पश्चात्ताप झाला.
खिडकीत तरुण अधिकारी, सर्दी झालेला. फाइलकडे बघितलंही नाही. मी ती दोनदा वर उचलून दाखवली. विचारलं, काय करता? म्हटलं, परदेशी लोकांना आमच्या देशात स्थायिक व्हायला मदत करतो. तो म्हणाला, छान, आणि तिकडे तुमच्या ओळखीचं कोण आहे? अशा वेळी अनुभवी माणसाने मोकळेपणाने बोलावं. म्हटलं, आमची निम्मी गल्ली तिकडेच आहे. सगळे फिरायला म्हणून गेले आणि झकास स्थिरावले, कुणाची एक तक्रार नाही. सोयलाने माझ्या पायावर पाय दिला. तिला वाटलं मी विषय सोडून बोलतोय.
मग तिला विचारलं. ती म्हणाली, मुलगी बाळंत होणार आहे, सूप करून घालायचंय. आणि परत येणार? सोयलाने माझ्याकडे बोट केलं. म्हणाली, साहेब, याला गॅस पेटवता येत नाही, याला टाकून मी कुठे राहू? अधिकारी इतका हसला की त्याला नाक पुसावं लागलं. तिचा पासपोर्ट व्हिसा लावायला ठेवून घेतला. माझा परत दिला, बरोबर एक छापील कागद.
कागद शांतपणे वाचला. ‘सध्या’ पात्र नाही असं लिहिलंय. सध्या! म्हणजे आज नाही. अधिकारी ‘सॉरी’ही म्हणाला. नाकारायचं असतं तर सॉरी कशाला म्हणेल? मी बाजूला उभा राहिलो, पुन्हा बोलावतील म्हणून. शेवटी पहारेकरी आला. आपल्याच बाजूचा निघाला, आसोगेसचा. म्हणाला, काका, आत्ता होतंय, तुम्ही बाहेर बसा. बाहेर फुटपाथवर चार वाजेपर्यंत बसलो. सोयला शेजारी बसून राहिली. सव्वाचारला म्हणाली, चला, बस जाईल.

शुक्रवार, २२ मार्च.
सोयला गेली. विमानतळावर जाताना टॅक्सीत मी तिला चौदा मुद्द्यांचं सूचनापत्रक दिलं. ती मला काहीतरी सांगत होती, गॅसच्या गाडीचं, अंडीवाल्या बाईचं, पण त्याच वेळी मी तिची कागदपत्रं क्रमाने लावत होतो. मग ती रडली. मी म्हटलं, चाळीस दिवसांचा तर प्रश्न आहे.
परतताना सूचनापत्रक त्याच टॅक्सीत सीटवर सापडलं.

शुक्रवार, २९ मार्च. गुड फ्रायडे.
नातू झाला! पहाटे. नाव डिलन. व्हिडिओवर दाखवला. कान माझे आहेत. ग्लेंदा दमलेली होती, तरी तिला जन्मदाखल्याच्या प्रतींविषयी सविस्तर सांगितलं. फोन मध्येच बंद पडला.
आज घरोघर बारा धान्यांची फानेस्का शिजते. आमच्याकडे नाही, छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच. सार्डिनचा डबा उघडला. बोट कापलं. बाळ बघून आनंद झाला आणि मग घर फार मोठं वाटलं. लिहून ठेवतो, दुसरं कुणी विचारणार नाही.

गुरुवार, ११ एप्रिल.
गॅस संपून तीन दिवस झाले. (पेटवायला शिकलो होतो, नोंद असावी.) गाडी रोज गाणं वाजवत जाते. मी बूट घालून खाली पोचेपर्यंत वळणावर गेलेली असते. पाव आणि थंड कॉफी.
लोरेटाबाई पुस्तकाची चौकशी करायला आल्या. थंड कॉफी दिली. त्यांनी कपाकडे बघितलं, चुलीकडे बघितलं, सज्जात जाऊन दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की गाडी गल्लीच्या टोकाहून उलटी आली. मग मला म्हणाल्या, आपल्या स्पॅनिशमध्ये, विंतिमिल्या साहेब, रिकामं सिलिंडर मंगळवारी आणि शुक्रवारी आठच्या आत दाराबाहेर ठेवायचं, तो आपण होऊन थांबतो. सोयलाने त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं म्हणे.
म्हटलं, हे पुस्तकात घालतो. बाई म्हणाल्या, घाला.

शनिवार, १३ एप्रिल.
लोरेटाबाईंबरोबर बाजारात. खरं म्हणजे मी त्यांना नेलं. भाजीवालीने माझ्या पिशवीत मोजून बटाटे टाकले, आणि वर मूठभर काही नाही. सोयलाला ती नेहमी मूठभर जास्त घालते. मी तसं म्हणालो. तिने विचारलं, पाहुणे का तुम्ही, कुठून आलात? अहो, मी इथे जन्मलो! माझ्या जन्माची नोंद मी स्वतः कपाटातून काढून बघितली आहे! तेव्हा लोरेटाबाई तिला म्हणाल्या, अगं, हा सोयलाचा नवरा. भाजीवाली म्हणाली, अरे देवा, तो होय! आणि दोन मुठी घातल्या. एक माझ्या पिशवीत, एक बाईंच्या.

मंगळवार, ७ मे.
उद्या चाळीस दिवस पुरे. शुक्रवारी सोयला येणार. घर झाडलं. खोलीला रंग द्यायचं ठरवलं, पिवळा, तिला आवडतो.
संध्याकाळी फोन. ग्लेंदाला कामावर लवकर बोलावलंय, बाळाला कोण बघणार, म्हणून तिकीट पुढे ढकललं. म्हटलं, काही हरकत नाही. रंगाला तसाही अजून वेळ हवा होता.

शनिवार, २९ जून.
पुस्तकाची आठ पानं झाली. सहा लोरेटाबाईंनी सांगितलेली. बुधवारी कुठल्या खाणावळीत चांगलं जेवण मिळतं, सांडपाण्याचा वास आल्यावर काय करायचं, शेजारणीचं मूल आजारी असलं की काय घेऊन जायचं. बारीकसारीक गोष्टी आहेत, पण परदेशी माणसाला उपयोगी. मलाही दोन-तीन नव्या होत्या.
बाईंनी विचारलं, प्रस्तावना कोण लिहिणार? म्हटलं, अर्थात मी.

बुधवार, १७ जुलै.
व्हिसासाठी पुन्हा अर्ज केला. मुलाखतीची तारीख मिळाली: पुढच्या वर्षी, नोव्हेंबर. तारीख दिली म्हणजे नाही म्हटलेलं नाही. डिलन तोवर चालायला लागलेला असेल. बरंच, उचलून घ्यावं लागणार नाही. पाठ दुखते हल्ली.
उचलून घ्यायचं होतं.

रविवार, ४ ऑगस्ट.
सोयलाचा फोन. व्हिडिओ नाही, नुसता आवाज. म्हणाली, एक विचारायचं होतं, कागदांचं. कचेरीच्या खिडकीशी लोक याच आवाजात बोलायचे.
तिची मुदत एकवीस सप्टेंबरला संपते. आणखी सहा महिने राहायचं असेल तर काय करावं लागतं? ग्लेंदाची कामाची पाळी बदलली आहे, डिलनला सांभाळायला दुसरं कुणी नाही. वरच्या मजल्यावर आपल्याकडची, गिरोन गावची एक मुलगी आहे, ऑक्टोबरात बाळंत होणार, तिची आई गावीच.  मग म्हणाली, आणि अहो, मला इथे बरं वाटतंय.
 मुदत वगैरे काही वाढवून मिळत नाही, असं म्हणता आलं असतं. तिने विश्वास ठेवला असता. बाकी कशात नाही, पण कागदांच्या बाबतीत ती माझं ऐकते, नाहीतर विचारलंच कशाला असतं.
सांगितलं. कुठला अर्ज, कुठल्या तारखेच्या आत, सोबत काय जोडायचं, कारण काय लिहायचं आणि काय अजिबात लिहायचं नाही. तिने एकेक उतरवून घेतलं, परत वाचून दाखवलं. मी सांगितलेलं तिने लिहून घेतलं असं आजवर झालं नव्हतं. मग विचारलं, जेवलात का? म्हटलं, जेवलो.
फोन ठेवल्यावर सगळं नियमांशी पुन्हा ताडून पाहिलं. दोनदा. कुठे तरी चूक सापडेल असं वाटत होतं. एकही नाही. अर्ज मंजूर होईल.