पळसाच्या पानांचा नवरा

पौष शुद्ध ९, शके १८४१

पेन्शन आणली. कर्जतच्या कचेरीतल्या कारकुनाने आजही तेच विचारलं — "पाट लावलास काय?" दर महिन्याला विचारतो. जशी काय मी बाजारातून येता येता नवरा घेऊन येणार आहे. म्हटलं, नाही. सही केली. मला सही येते याचं त्याला अजून नवल वाटतं. पलटणीतून यांची पत्रं यायची, ती दुसऱ्याने वाचून दाखवू नयेत म्हणून मास्तरणीपाशी बसून अक्षरं शिकले. आता पत्रं नाहीत. अक्षरं उरली, ती इथे लिहिते.

घरी आले तर सासूने पाय धुवायला ऊन पाणी दिलं. मला! हे तिकडे बसऱ्याकडे कूतच्या वेढ्यात सापडून बेपत्ता झाले तेव्हा हीच बाई मला पांढऱ्या पायाची म्हणाली होती. मग सरकारचा कागद आला — मेला असे धरावे, विधवेला पेन्शन, पाट लावल्यास बंद. तेव्हापासून माझ्या पायांचा रंग बदलला.

पौष वद्य २

सोमीने आज भात मागून घेतला. सहा वर्षांची झाली माझी पोर, मागायला आत्ता शिकली.

पौष वद्य ८

मामंजी आता मोळ्या घेऊन स्टेशनावर जात नाहीत. खुंट्याला बैल आहे. दिवेलागणीला खरोखर दिवा लागतो. खोटं कशाला बोलू, घर सुधारलं.

आणि मी? मला शिंक आली की काढा. ओढ्यावर पाण्याला जायचं नाही, पाय घसरेल. गाभण म्हशीला जपतात तसं जपतात. पण बाई, तुला झोप लागते का, असं कुणी विचारलं नाही. नाही लागत. डोळा लागला की हे वाळूतून चालताना दिसतात. हाक मारते, मागे बघत नाहीत.

माघ शुद्ध ४

नागूदादा आला होता. माझा भाऊ, त्याला पोटात ठेवता येत नाही. ओसरीवर टेकला आणि म्हणाला, "खालापूरकडचा बिजवर हाय. गाडीवान. घरचे बैल. बाईला बरा बघंल."

सासू म्हणाली, "अन् कान्हूला काय सांगू मी?"

झालं. यांचं नाव निघालं की पुढे काही चालत नाही. प्रेत मिळालं नव्हतं, म्हणून भटजींनी पळसाच्या पानांचा पुतळा केला. नारळाचं डोकं. नदीकाठी त्यालाच जाळला. मी त्या पानांसाठी बांगड्या फोडल्या. दहाव्याला कावळा शिवेना. सोमीला सांभाळू म्हणाले — नाही. म्हाताऱ्यांची काळजी करू नको म्हणाले — नाही. शेवटी सासू ओरडली, "कान्हू, तुजी बायको दुसऱ्याच्या घरात जानार नाय!" एक कावळा फांदीवरून बघत होता, तोही उडून गेला. मग दर्भाचा कावळा करून शिववला. तेव्हापासून घरात पक्कं झालं, की याचा जीव बायकोत अडकलाय, तिने पाट लावला तर घराला गिळील. सरकारची आणि पितराची अट एकच निघाली.

दादा उठताना म्हणाला, "बाय, तुजं तू सांग." मी तांदळातले खडे वेचत राहिले. मला जायचं होतं. त्या गाडीवानाचं तोंडही पाहिलं नाही, तरी जायचं होतं. पण सोमीचा भात?

फाल्गुन शुद्ध १

दर अवसेला सासू कोंडाण्याच्या लेण्यांच्या वाटेवरच्या पळसाखाली पितराचं ताट ठेवते. दुसऱ्या दिवशी मी ताट आणायला जाते. कावळ्यांनी सांडलेलं असतं, कुत्र्यांनी चाटलेलं असतं. आज ताट राखेने घासून पालथं ठेवलं होतं.

कुणाला बोलले नाही. ताट पदराखाली घेऊन घरी आले.

फाल्गुन शुद्ध ११

वरच्या शेतात कुणीतरी राबासाठी फांद्या तोडून रचून ठेवल्यात. पेरणीआधी जमीन भाजायला दरसाल लागतात. मामंजींनी तोडल्या नाहीत, गड्याला सांगितलं नाही. मामंजी ते बघून घामाघूम होऊन परत आले आणि घोंगडी घेऊन निजले. सासू मात्र देवासमोर हात जोडून म्हणाली, "पोरगं मेल्यावर पन घर विसरलं नाय."

मला राग आला. एवढी माया आहे तर कावळ्याला का नाही शिवू दिलं? मला का नाही सोडलं?

फाल्गुन वद्य ६

ठाकरवाडीची ठमी सरपण घेऊन आली. पदराआड हसत होती. म्हटलं, काय गं? तर म्हणते, "तुजं भूत लई गरीब हाय गं. आमच्या वाडीवर मीठ मागाया येतं."

म्हटलं, कसलं मीठ?

"खायाचं. दुसरं कसलं?"

भूत मिठाला शिवत नाही, हे सोमीलाही ठाऊक आहे.

चैत्र शुद्ध ३, शके १८४२

ठमीला वाट विचारून गेले. भर दुपारी, एकटी. लेण्यांच्या वरच्या अंगाला गुराख्यांची पडकी खोप आहे, तिथे हे होते. दाढी वाढलेली, उजव्या हाताची तीन बोटं नाहीत. मी आधी पाय बघितले. पाय सरळ होते.

मी यांच्या थोबाडीत मारली. मारता मारता रडू फुटलं.

तुर्क कैदी म्हणून चालवत नेत होते, त्यातून पळाले. अरबाच्या खजुरीच्या बागेत राबले. गलबतातून मुंबईला उतरले, चालत इथवर आले. दिवाळीपासून इथेच आहेत! मी म्हटलं, घर दिसतं ना इथून? मग?

म्हणाले, "आलो व्हतो दारापावतर. सोमी जेवत व्हती. नवा परकर व्हता अंगावर. या हातानं नांगर धरवत नाय गं. मेलेला हाय तर तुमच्या चुलीवर भात शिजतो. जिता आलो तर तो जाईल अन् खानारं तोंड एक वाढंल. तूच सांग, कोन बरा?"

चार वर्षं मी हाका मारत होते, आणि समोर माणूस बसला तर मला भात आठवला. स्वतःची लाज वाटली.

चैत्र शुद्ध १०

सरपणाला म्हणून पुन्हा गेले.

चैत्र वद्य १

पुन्हा.

वैशाख शुद्ध ७

कचेरी. "पाट लावलास काय?" नाही म्हटलं. खोटं नव्हे, तरी कारकुनाकडे न बघता सही केली. मोकळं कपाळ घेऊन नवऱ्याच्या नावाचे पैसे पदरात बांधले. वाटेत कावळे ओरडत होते, मी दगड मारला.

घरी सोमी विचारते, "आये, बा भूत झाला तर त्याला भूक लागते का?" म्हटलं, लागते. फार लागते. ती आपल्या ताटातला घास बाजूला काढून बसली, काही केल्या उचलीना. मी दाराआड जाऊन तोंडात पदर कोंबला.

वैशाख वद्य १३

आता स्वप्नात हे मागे बघतात. ते जास्त वाईट आहे.

ज्येष्ठ शुद्ध ५

दुसरा महिना चुकला. सकाळी भाकरीच्या वासाने चुलीपाशीच ओकले. सासूने पाहिलं. दार ओढून घेतलं आणि विचारलं, "कुनाचं?"

लग्नातला उखाणा सोडला तर आजवर जे नाव तोंडातून काढलं नव्हतं, ते काढलं. म्हटलं, कान्हूचं. जिते आहेत ते.

ती दचकली नाही. माझ्या तोंडावर हात दाबला. म्हणाली, "त्याचं नाव घेऊ नको गं, बाय. कचेरीत कळंल. दुसऱ्या कुनाचंबी घे."