थेंबांचं खातं माझ्याकडे

९ जुलै २००७, पेरुंगुडी, चेन्नई
नात स्वरदा, इयत्ता आठवी. डावा डोळा लाल. वॉचमन म्हणाला, मद्रास आय. म्हणजे आपल्याकडे डोळे येतात तेच. लगेच तिचा टॉवेल, ताट, उशी वेगळी केली. निश्चय: घाबरायचं नाही. तिच्याकडे बघायचंही नाही.

१२ जुलै
मद्रास आय नाही. युव्हिआयटिस. डोळ्याच्या आत सूज. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लागण नव्हे, शरीराची प्रतिकारशक्तीच चुकून स्वतःच्या डोळ्यावर उठली असावी. या वयात होतं कधी कधी, कारण सापडतंच असं नाही. हयगय केली तर नजर जाऊ शकते. दर दोन तासांनी थेंब. स्वरदा शाळा सोडून घरी, मुलगा विजय आणि सूनबाई अर्चना दोघंही ऑफिसात, म्हणून थेंबांचं खातं माझ्याकडे. योग्य माणसाकडे आहे.

१३ जुलै
मेडिकलवाल्याला विचारलं. थेंबांत स्टेरॉइड. आमच्या तालमीतल्या एकाने ते घेतलं होतं. पुढचं लिहीत नाही.
दुपारी मार्ग सापडला. थेंब दोनदाच. बाकी च्यवनप्राश. प्रतिकारशक्ती बिघडली म्हणजे कमी पडली, हे अडाण्यालाही कळेल. मी तर सातवी पास.

१७ जुलै
स्वरदा म्हणते, आजोबा, दर दोन तासांनी सांगितलंय ना? मी म्हटलं, डॉक्टर नेहमी वाढवूनच सांगतात, आपण कमी करणार हे त्यांना माहीत असतं. पडदे ओढून बसते. उजेड टोचतो म्हणे. औषध लागू पडत असणार.

२० जुलै
तपासणी. स्वरदाने डाव्या डोळ्याने तक्त्यावरच्या वरच्या दोनच ओळी वाचल्या. बाईंनी विचारलं, थेंब वेळेवर? सगळे माझ्याकडे बघू लागले. मी पंख्याकडे. स्वरदाने सांगून टाकलं: थेंब दोनदा, च्यवनप्राश चारदा.
बाई मला तात्ता म्हणाल्या, म्हणजे आजोबा. म्हणाल्या, राखणदारच घरच्यांना चोर समजून बडवतोय. त्याचा हेतू वाईट नाही. पण त्याला खुराक द्यायचा नसतो, शांत बसवायचं असतं. यावर स्वरदा माझ्याकडे बघून हसली. का, कळलं नाही.
येताना रिक्षात मीही उजवा डोळा झाकून दुकानांच्या पाट्या वाचून पाहिल्या. एकही वाचता येईना. मग लक्षात आलं, तमिळ आहेत.

३ ऑगस्ट
अर्चनाने रजा काढली आहे. गजर लावून थेंब तीच घालते. आज स्वरदाने सोफ्यावरून, उजवा डोळा झाकून, माझ्या बनियनचं भोक दाखवलं. अर्चना स्वयंपाकघरात जाऊन रडली. भोक तेवढंही मोठं नाही.
मला बाल्कनीत शांत बसायला सांगितलं आहे. बसलो आहे. च्यवनप्राश मीच संपवतोय. घरात एकाची तरी प्रतिकारशक्ती शाबूत हवी.