आईच्या टीव्हीवरची चकरी

बाबा, मागच्या वेळी तुम्हाला लिहिलं तेव्हा एक गोष्ट चुकीची लिहिली गेली. टीव्हीमागचा डबा बिघडला आहे, असं मी अगदी ठामपणे लिहिलं होतं. डबा बिघडलेला नाही. त्याच्या जागी नवा आणून लावला, तरी चित्र तसंच थांबतं. ते पत्र तुमच्यापर्यंत पोचलेलं नाही आणि पोचणारही नव्हतं, हे मला कळतं. पण आपल्या हातचं एक चुकीचं वाक्य कपाटात तसंच पडून आहे, याने मला झोपताना बेचैन होतं. म्हणून आधी ते दुरुस्त करते, मग पुढचं सांगते.

तुम्ही गेलात तेव्हा आपल्याकडे केबल होती आणि तिची तार पतंगाच्या मांज्यासारखी गच्चीवरून लोंबत यायची. आता तसं नाही. दिवाळीपासून मी घरूनच ऑफिसचं काम करते, म्हणून इंटरनेटची लाइन माझ्या मागच्या खोलीत घेतली. तिथे एक छोटं यंत्र आहे, राउटर म्हणतात. ते सगळं काही हवेतून फेकतं आणि हॉलमधल्या टीव्हीमागचा डबा ते झेलतो. तुम्ही नक्की विचारलं असतं, "हवेतून? अन् मधात भिंत आली तर?" दिवाळीत मला कोणी हे विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही. होळीपर्यंत सगळं नीट चाललं होतं.

हे इतकं मनाला लावून घ्यायचं कारण टीव्ही नाही, मावशी आहे. रामटेकची मावशी आणि आई रोज संध्याकाळी एकच मालिका बघतात, आपापल्या घरी, फोन स्पीकरवर ठेवून. सुरुवात एकदमच व्हायला हवी, हा त्यांचा नियम. "दाबू का वं?" "थांब, चष्मा घालून राहिली. हं, दाब." मग दोघी एकाच वेळी बटण दाबतात आणि पुढे मालिकेपेक्षा यांचंच जास्त ऐकू येतं. त्या सासूने असं काहून केलं, तिची साडी आपल्या वन्सं नेसायच्या तशीच कशी आहे, आणि मधेच, आंब्याला मोहोर कसा आहे. तुम्ही गेल्यावर आई दोन वर्षं संध्याकाळी दिवा लावून नुसती बसायची, ते मी पाहिलं आहे. तिची संध्याकाळ मावशीने अशी बोलून बोलून परत आणली. आणि होळीनंतर आईच्या टीव्हीवर ती चकरी फिरायला लागली. चित्र थांबतं, मधोमध एक गोल फिरत राहतो, आणि तिकडे मावशीचं चित्र पुढे निघून जातं. "अगं बाई, पडली न ते जिन्यावरून!" मावशी ओरडते, आणि आमच्या इथे ती बाई अजून जिन्याच्या वर उभी असते. आई म्हणते, "सांगू नको वं, माही चकरी फिरून राहिली." पहिले काही दिवस दोघी हसल्या. मग मावशी एकदा म्हणाली, "मी एकटीच पाहून घेतो, उद्या सांगतो तुले काय झालं ते." त्या दिवशी फोन लवकर ठेवला गेला. परवा तर आलाच नाही.

कोराडीच्या कॉलनीतलं ते स्वयंपाकघर मला आठवतं. खिडकीच्या गजांवर राखेचा पातळ थर, ओट्यावर मिक्सर, आणि तो चालत नाही म्हणून मी, सातवीतली, तुमच्या पेचकसाने त्याचं सगळं उघडून बसले आहे. तुम्ही पॉवर हाउसमधून येता, डबा ठेवता, बूटही काढत नाही. मला वाटतं आता शाबासकी मिळणार. तुम्ही पसारा पाहता आणि म्हणता, "काय काय बदललं?" मी सांगते, वायर बदलली, फ्यूज बदलला, बटणही दुसरं लावलं. "अन् आता चालू झाला तर कायनं चालू झाला, सांगशील?" मी पेचकस खाली ठेवते. "एका टायमाले एकच गोष्ट बदलायची, बाई. अन् त्याच्या आधी हे विचारायचं, काल चालत होतं न? मंग काल अन् आजच्या मधात काय बदललं?" आवाज चढलेला नव्हता, तरी मी रडले. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला माझा स्वतःचा टेस्टर आणून दिलात, पिवळ्या दांड्याचा. शाळेत पुढे मी पुष्कळ शिकले, पण विचार करायला मी त्या ओट्याशी शिकले. तो टेस्टर अजून चालतो.

आणि तरीही या वेळी मी तुमचं काहीच पाळलं नाही. डबा बदलला, पासवर्ड बदलला (शेजारचे आपलं वापरतात की काय, असा संशय, त्याची आता लाज वाटते), राउटर टेबलावरून कपाटावर ठेवला, सगळं एकाच आठवड्यात. कंपनीत फोन केला की प्रत्येक वेळी नवा आवाज तेच सांगतो, "मॅडम, एकदा बंद करून चालू करा." माझ्या खोलीत वेग पूर्ण दिसतो. हॉलमध्ये मरगळ. दिवसभर काम करून त्या टीव्हीमागच्या धुळीत वाकले की वाटतं, सोडून द्यावं. पण सोडलं तर आई पुन्हा दिव्यासमोर बसेल, ही भीती जात नाही. मधात काय बदललं, हे मी स्वतःला विचारलं, अगदी प्रामाणिकपणे विचारलं, आणि उत्तर आलं, काहीच नाही. कूलर माझ्या ध्यानातच आला नाही. होळी झाली की कूलर लागतो. नागपुरात त्याला कोणी बदल म्हणत नाही. तो उन्हाळाच असतो.

तुमचाच कूलर, बाबा. पत्रा कापून तुम्ही बनवलेला, दर फाल्गुनात हिरवा रंग दिलेला. तो अजून हॉलच्या त्याच खिडकीत, बाहेर बोळीत लागतो. आपल्या भिंती जाड आहेत, आणि माझी मागची खोली बोळीपलीकडे, त्या खिडकीच्या समोर. माझ्या खोलीतून हॉलमध्ये जे काही येत होतं ते बोळ ओलांडून त्या एकाच खिडकीतून येत होतं. तीच आपण लोखंडाच्या पत्र्याने, ओल्या खसाच्या ताट्यांनी आणि टाकीभर पाण्याने बुजवली. मला हे कळलं ते असं. मी टीव्हीमागे वाकलेली, चित्र कसंबसं चालू, आणि आई बाहेर नळी लावून कूलर भरत होती. टाकी भरत आली आणि चकरी सुरू झाली. मी वर पाहिलं. ताटीच्या फटीतून आई माझ्याकडेच बघत होती. तिने पटकन मान वळवली.

"आई, तुला माहीत होतं?"

"काय?"

"टाकी भरली की चित्र थांबतं ते."

ती नळी गुंडाळत राहिली. "तळाशी पाणी गेलं का बरोबर चालते. केव्हाची पाहून राहिली मी."

"मग बोलली काहून नाहीस? मी पंधरा दिवस धूळ खाते आहे इथे!"

"बोलली असती तर तू कूलरच काढला असता." मग नळी खिळ्याला टांगत, "ताईले म्हणावं पाहून घे एकटी. मले काय, उद्या ऐकून घेईन."

मी चिडले. कूलर पश्चिमेच्या खिडकीत लावू, एसी घेऊ, एका पत्र्याच्या पेटीसाठी सख्ख्या बहिणीशी बोलणं बंद करतेस का, असं बरंच बोलले. आई एवढंच म्हणाली, "यांनी या खिडकीच्या मापानं केला हाय तो." आणि कणीक मळायला गेली.

गुरुवारी ती भजनाला गेली तेव्हा मी टाकी रिकामी केली आणि कूलर स्टँडसकट बाजूला ओढला. तुमच्या सांगण्याप्रमाणे, फक्त तेवढीच एक गोष्ट बदलली. मालिका लावली. ती बाई जिन्यावरून न थांबता पडली, उठली, दवाखान्यातही पोचली. चकरी नाही. मी खिडकीशी गेले. बाहेर बोळीतल्या फरशीवर चार पायांचे चार गंजलेले डाग, आणि त्यांच्यामध्ये हिरव्या रंगाचे शिंतोडे. तुम्ही रंग द्यायचात तेव्हा आई खाली पेपर अंथरायला सांगायची आणि तुम्ही कधी अंथरला नाहीत. खिडकी मोकळी होती. तिच्यातून समोर माझी खोली सरळ दिसत होती, आणि हॉल मला एकदम दुसऱ्या कोणाचा वाटला. आई यायला अजून वेळ होता. मी कूलर मागे ढकलला, चारही पाय डागांवर बसले का ते वाकून पाहिलं, आणि टाकी पुन्हा काठोकाठ भरली.

त्यानंतर मी डब्याची मागची बाजू नीट पाहिली. तिथे तार लावायचीही जागा आहे. हवेवर अवलंबून राहायची गरजच नव्हती. आणि खिडकीच्या चौकटीत तुम्ही पाडलेलं ते छिद्र आहे, कूलरची वायर प्लगसकट आत यावी म्हणून मुद्दाम मोठं केलेलं. त्यातून पाल येते म्हणून आईने कोपऱ्यात चिंधी कोंबली आहे. चिंधी काढली की माझ्या खोलीतली तार बोळीतून, कूलरच्या बाजूने, तिथूनच आत येईल. तार आणून ठेवली आहे. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे कूलर नाही हलणार?" मी म्हटलं, तुझ्यासाठीच करते आहे हा खटाटोप. तिने मावशीला लगेच फोन लावला.

ते तिला म्हटलेलं पूर्ण खरं नाही. गुरुवारचं मी तिला सांगितलेलं नाही. कूलर तिच्यामुळे हलत नाही, असं मी अजून तिच्यासमोर म्हणते, आणि ती ऐकून घेते. तो हलवलेला मलाच बघवला नाही, इथे तेवढं बरोबर लिहून ठेवते आणि हे पत्र पहिल्याशेजारी ठेवते. येत्या रविवारी अक्षय तृतीया आहे. सकाळी तुमच्या नावाची घागर भरून झाली की मी चिंधी काढून तार आत घेणार आहे, म्हणजे संध्याकाळी त्या दोघींना एकदम बटण दाबता येईल.