मीराचा पाय

मुलुंड, १४ ऑगस्ट २०२४

चि. सौ. नलूस, दादाचे अनेक आशीर्वाद.

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. तुझ्या वहिनीच्या उजव्या पायाचा अंगठा काळा पडला होता. मोजे घालून लपवत राहिली. सोमवारी पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

डॉक्टर म्हणाले, पायाच्या धमन्या बऱ्याच वर्षांपासून अरुंद होत होत्या. मी विचारलं, जाडीमुळे का? म्हणाले, साखर, वय, सगळंच आलं त्यात. पण पोटावरची चरबी नुसती पडून नसते, तीही संप्रेरकं रक्तात सोडते. सूज वाढवणारी वाढतात आणि धमन्यांना जपणारं ॲडिपोनेक्टिन कमी पडतं. चालताना पोटऱ्या दुखतात, थांबलं की उतरतं, हीच खूण.

नलू, संध्याकाळी फिरायला गेलो की मीरा पाच रस्ता नाक्याच्या बाजारात दर चार दुकानांनी थांबायची. काचेतल्या साड्या बघायची. मी पोस्टमन, जन्मभर चाललेला. पुढे जाऊन ओरडायचो, जाडे, चल लवकर! लोक हसायचे. तीही हसायची.

तुझी माया असू दे.
जयवंतदादा

देवगड, २२ ऑगस्ट

ती. दादास सा. न.

पत्र वाचलं नि ताट बाजूला सारलं. एक सांगते, मग हवं ते बोल. दोन वर्षांपूर्वी गणपतीला आलात, तेव्हा वहिनीने मला पोटऱ्यांचं दुखणं सांगितलं होतं. म्हणाली, तुमच्या दादांना कळू देऊ नका, मला फिरायला नेणंच बंद करतील. तेवढाच वेळ ते माझ्यासोबत असतात. मी खोबरेल चोळून दिलं आणि गप्प बसले.

रागावलास तरी पत्र टाक.
तुझी नलू

मुलुंड, ३० ऑगस्ट

चि. सौ. नलूस आशीर्वाद.

कुणावर रागावू? तुझं पत्र मीराला वाचून दाखवत होतो. ‘तेवढाच वेळ’ या ओळीवर अडलो. तिने कागद काढून घेतला, म्हणाली, वन्संना लिहा, तेलाने बरं वाटलं होतं.

काल व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिला वॉकर धरून उभं केलं. घामाने भिजली. मी दुखतंय का विचारलं, तर नेहमीसारखं, नाही हो. मग पलंगावर टेकल्यावर भिंतीकडे बघत म्हणाली, "दुखतंय. जो पाय नाही ना, तोच दुखतोय."

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात दुखतंय हे तिने मला पहिल्यांदा सांगितलं. तिच्या पलंगाशी जमिनीवर बसलो, तो दुपार सरेपर्यंत उठलो नाही.

जमेल तेव्हा ये. माझ्यावर लोभ ठेव, आता त्याची गरज आहे.

तुझा दादा