ताणकाट्याला बांधलेली फणी

अण्णा, माझे केस आता बोटभर उरलेत, विंचरायला मिनिटही लागत नाही. तुमची फणी मात्र अजून आठवते. त्या वर्षी मी आठ वर्षांची होते, आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. पिंपरीच्या माळावर औषधांचा कारखाना नवाच उभा राहिला होता आणि तुम्ही तिथे गोदामात मालाची वजनं करायला लागला होतात. मला विषमज्वर झाला. महिनाभर अंथरुणात होते, आणि उठले तेव्हा डोक्यामागे केसांचा मुठीएवढा गोळा झाला होता.

माझं करायला आत्या तळेगावाहून आली होती. तिने गोळा पाहिला आणि फणी खाली ठेवली. "जट हाय ही. देवीनं पोरगी मागितलीया," म्हणाली. तिने जटेला हळदकुंकू वाहिलं, शेजारच्या बाया माझ्या पाया पडायला लागल्या, आणि बरोबरीच्या मुली माझ्याशी खेळेनात. पौर्णिमेला नेऊन मला देवीला सोडायचं ठरलं. म्हणजे लग्न नाही, घर नाही, जन्मभर परडी घेऊन दारोदार जोगवा. आत्या दुष्ट नव्हती हो. हे ठरवताना तीच रडत होती. जटेला हात लावला तर तुमच्यावर काहीतरी ओढवेल ही तिची भीती, आणि तुमच्याशिवाय तिला तरी कोण होतं.

तुम्ही तिच्याशी भांडला नाहीत, याचा मला तेव्हा रागच आला. दुसऱ्या दिवशी तुम्ही गोदामातला ताणकाटा, म्हणजे आकड्याला ओढ दिली की किती पौंड ते दाखवणारा स्प्रिंगचा काटा, मागून आणलात, लाकडी फणी दोरीने त्याला बांधलीत आणि मला पुढ्यात बसवलंत. फणी गोळ्यात रोवून हळूहळू ओढायची, ती सरकली की काटा कुठे होता ते कोळशाने भिंतीवर लिहायचं. पहिल्या दिवशी, कोरड्या केसांना पाच पौंड. मग कोमट खोबरेल चोळायचं, वरचे केस डाव्या मुठीत घट्ट धरायचे, म्हणजे ओढ डोक्यापर्यंत पोचत नाही, आणि टोकाकडून एकेक केस सोडवत यायचं. कारखान्यातून दमून आलेला माणूस तासभर एवढंच करत बसायचा. दुसऱ्या दिवशी साडेचार, तिसऱ्या दिवशी चार.

"तेलानं देवी ढिली पडती व्हय, आक्का?" तुम्ही आत्याला विचारलंत. "गुंता हाय त्यो."

आत्याने भिंतीवरच्या कोळशाच्या आकड्यांवरून बोट फिरवलं. "आकडा रोज उतरला तर मी गप बसते," ती म्हणाली. "एक दिस जरी अडला, तर देवीची हाय असं समजायचं. मग तू बोलायचं न्हाई."

तुम्ही कबूल केलंत. चौथ्या दिवशी साडेतीन लिहिलंत आणि आत्या चुलीकडे निघून गेली. पुढे आकडे भराभर उतरले. पौर्णिमेला दोन दिवस असताना फणी आरपार गेली, आणि आत्याने स्वतः माझी वेणी घालून मला खेळायला पिटाळलं. माझ्या लग्नात तुम्ही ही हकिकत व्याह्यांना रंगवून सांगितलीत, काट्याने पोर वाचवली म्हणून. मी खाली बघत होते. लोकांना वाटलं, नवरी लाजतेय.

चौथ्या दिवशी आकडा उतरला नव्हता, अण्णा. फणी अडली होती. आत्या दारात उभी होती, आणि पाठीमागे तुम्ही श्वास रोखून धरलेला मला कळत होतं. मी मान हळूच तुमच्या हाताबरोबर मागे नेली. फणी सरकल्यासारखी दिसली, तुमची नजर काट्यावर होती, आणि तुम्ही साडेतीन लिहिलंत. तुमच्या शेवटच्या आजारपणात सांगावंसं वाटलं होतं, पण तुम्हाला त्या साडेतीनचा केवढा अभिमान. आताही हे पत्र घडी घालून कपाटातच ठेवणार आहे. देवीची भीती मला फारशी नव्हती. तुम्हाला सोडून जायचं नव्हतं, एवढंच.