मनजीत पोथीला नमस्कार करत नाही

बीदर,
मंगळवार, दुपार

ती. शिवलीलाअक्कास,

विजयश्रीचा वाकून नमस्कार, आणि तुमच्या लिंगायत रीतीने शरणु शरणार्थी. तुझी कंबर, विरुपाक्षदाजींचा गुडघा आणि अफजलपूरची वीज, तिघांचीही खुशाली कळव. ऊस गेला का? माझी तब्येत उत्तम आहे असे डॉक्टर म्हणतात. गेल्या गुरुवारपासून छातीत जे धडधडते ते त्यांच्या नळीत काही येत नाही, कारण ते भीतीने धडधडते, आणि दवाखान्यात मला भीती वाटत नाही. (तिथे नागूबाई नसतात.) फोन का नाही केलास म्हणशील. अक्का, फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, मग तू "काय?" म्हणून ओरडतेस, मग मी ओरडते, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. आमच्या भिंतीपलीकडे नागूबाईंची मावसजाऊ राहते.

दर गुरुवारी दुपारी माझ्याकडे बायकांचे पोथीवाचन असते हे तुला ठाऊकच आहे. नागूबाई त्यात मुख्य. खटकचिंचोळीहून लग्न होऊन इथे आल्या, पण आवाज अजून शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाणारा. वाचन माझ्या घरी, कारण माझी बैठकीची खोली मोठी आहे आणि मला कुणाला नाही म्हणता येत नाही. वाचन एका दमात व्हायचे. मध्ये थांबायचे नाही, बोलायचे नाही. अर्थ विचारण्याचा तर प्रश्नच नव्हता, कारण अध्याय संपेपर्यंत चहाचे आधण आटून जाते. असे सगळे वर्षानुवर्षे सुखाने चालले होते आणि त्यात मनजीत आली.

मनजीत कौर म्हणजे चौकातल्या कडी-कुलपांच्या दुकानाची. माझ्या मुलीच्या लग्नात तू तिला पाहिले आहेस, बँडवाल्यांना जिने रांगेत उभे केले तीच ती उंच बाई. जन्म बीदरचाच, त्यामुळे बोलणे थोडे मराठी, थोडे दखनी, आणि रागावली की निव्वळ पंजाबी. आमचे नाते तुला काय सांगू? आम्ही दोघी नव्या नवऱ्या असताना या गावात एकदा वाईट दिवस आले होते. तेव्हा ती आणि तिचे तान्हे बाळ माझ्या स्वयंपाकघरात होते. बाहेरून शिखांची घरे शोधणाऱ्या जमावाचे आवाज येत होते आणि आम्ही दोघी एका परातीतले तांदूळ निवडत बसलो होतो. निवडून झाले की पुन्हा मिसळायचे आणि पुन्हा निवडायचे. त्या दिवसांबद्दल आम्ही नंतर कधी बोललो नाही. पण चार माणसे एकदम आवाज चढवून बोलू लागली की माझी बोटे अजून आपोआप खडे शोधतात.

तर झाले असे. त्यांच्या ग्रंथसाहेबात आपल्याकडच्या एका संताचीही वाणी आहे, आणि मनजीत ती लहानपणापासून म्हणत आली आहे. यंदा दुकान मुलाच्या हाती दिल्यावर तिच्या मनात आले, की जिथून ही वाणी आली तिथली माणसे आणखी काय काय वाचतात ते बघावे. मी म्हटले, ये की गुरुवारी. (मला नाही म्हणता येत नाही हे वर लिहिलेच आहे.) ती पाय धुऊन, डोक्यावरून ओढणी घेऊन आली, भिंतीला न टेकता ताठ बसली आणि आमच्यापैकी एकीनेही कधी ऐकली नसेल इतके मन लावून पोथी ऐकली. शेवटी आम्ही सगळ्या पोथीपुढे वाकलो. ती वाकली नाही. हात मांडीवर ठेवून शांत बसून राहिली. आणि त्याहून वाईट म्हणजे, पुढच्या गुरुवारपासून वर्गातल्यासारखा हात वर करून तिने अर्थ विचारायला सुरुवात केली.

अक्का, मला आपली शाळा आठवली गं. गुलबर्ग्याच्या त्या कॉन्व्हेंटात बायबलच्या तासाला मी जिभेखाली तुळशीचे पान धरून बसायची आणि तू गणवेशाच्या आत गळ्यातले लिंग मुठीत घट्ट धरून. ऐकले तरी बाटणार नाही याची आपली खात्री. सिस्टर फिलोमिना किती गोड गोष्टी सांगायच्या! हरवलेल्या मेंढराच्या गोष्टीला तू रडलीस, आणि रडताना मूठ सुटली म्हणून आणखी रडलीस. आणि मी? मी चॅपेलपुढून जाताना वाकायची, दर्ग्यापुढे वाकायची, मठापुढे वाकायची. लाल कापडात गुंडाळलेल्या टेलिफोन डिरेक्टरीलाही मी एकदा नमस्कार केला आहे. कुणाचा राग नको, एवढाच माझा धर्म. आम्ही नमस्कार सगळ्यांना करतो आणि वाचत कुणालाच नाही. मनजीत वाचते सगळे आणि नमस्कार एकालाच करते. आता यात पोथीचा जास्त अपमान कोण करते, हा विचार माझ्या मनात आला आणि मी घाबरून लगेच पोथीला नमस्कार केला.

नागूबाईंना असले विचार येत नाहीत. त्यांनी मला मोरीपाशी गाठले. "वाचायला येतीया, पण टेकत न्हाई. पोथी काय वर्तमानपत्र हाय व्हय? डोकं टेकव म्हनावं, न्हाईतर येऊ नको म्हनावं. तूच आनलीस, तूच सांग."

सांगायला मी तीनदा दुकानात गेले. पहिल्यांदा तिने "आ गई मेरी मास्तरीण" म्हणून स्टूल पुढे केले आणि मी घाबरून एक कोयंडा विकत घेतला. दुसऱ्यांदा बिजागऱ्या. तिसऱ्यांदा पितळी कडी, तीही हत्तीच्या तोंडाची. आता माझ्या घरात दारांपेक्षा कड्या जास्त झाल्या आहेत आणि सुतार रोज विचारतो की कपाट करायचंय का.

तिसऱ्या वेळी मी आडून विचारले, की तुमच्याकडचे लोक रागावत नाहीत का, तू आमची पोथी वाचतेस म्हणून? (मनात म्हटले, तिकडूनच मनाई आली तर माझी सुटका होईल. बघ किती भित्री झाले आहे मी.) तर म्हणाली, "विचारले ना मैं गुरुद्वारे के ग्यानीजी को. ते म्हणाले, पढ, कुणाचंबी पढ, ज्ञान कुठंबी भेटू दे. यकीन मात्र एका गुरूवर. आणि अर्धं वाचून, विचार न करता त्याला झूठ म्हणायचं न्हाई." मग हसून म्हणाली, "त्यांनी उलट मलाच विचारलं, काय समजलं? मी म्हटलं, वहिनी लोक लई जल्दी पढते, समजायला टैम देत न्हाईत."

म्हणजे तो दरवाजा बंद झाला. आणि काल नागूबाईंचा पुतण्या अंकुशराव हुलसूरहून आला आहे. तो कुठल्याशा संघटनेत आहे, कपाळाला मोठा टिळा, हातात मोठा फोन. येत्या गुरुवारी तो "बघायला" येणार आहे. काय बघायला, ते सांगत नाही. हल्ली एवढ्याशा गोष्टीचे काय होईल सांगता येत नाही, अक्का. तो फोन वर धरील, मनजीतला काहीतरी लागेल असे बोलेल, ती पंजाबीत जाईल, आणि इतक्या वर्षांनी तिला माझ्याच घरातून मान खाली घालून जावे लागेल. त्या घरातून, जिथे ती एकदा... जाऊ दे. माझ्याच्याने लिहवत नाही. मी काल बैठकीच्या खोलीला आतून नवी कडी लावून बघितली. मग वाटले, कुणाला आत ठेवायला आणि कुणाला बाहेर? काढून ठेवली.

दाजींना नमस्कार. तू माझ्यासाठी प्रार्थना कर, कोणत्याही देवाची चालेल.

तुझी घाबरलेली,
विजयश्री

ता. क. (गुरुवार, संध्याकाळ) पत्र टाकायचे राहिले, कारण पोस्टाची पेटी मनजीतच्या दुकानासमोर आहे आणि मला आणखी बिजागऱ्या परवडत नाहीत. बरेच झाले, आता पुढचे सांगते.

अंकुशराव आला, दाराशी खुर्ची टाकून बसला. मनजीत आली, तिच्या रोजच्या जागी बसली. मी चहाला पाणी ठेवले आणि त्यात पत्तीऐवजी जिरे टाकले, हे नंतर कळले. अध्याय संपला, आम्ही वाकलो, ती वाकली नाही. अंकुशरावने फोन वर धरला. "कामून टेकत न्हाईत तुमी? आमची पोथी काय हलकी हाय?"

मी स्वयंपाकघराच्या दारात चौकट धरून उभी होते. मनजीत पंजाबीत गेली नाही. अगदी सावकाश म्हणाली, "बेटा, टेकवायला डोकं एकच हाय माझ्याकडे. ते कधीच एका ठिकाणी देऊन बसले. डोळे दोन हायेत, कान दोन हायेत, ते घेऊन इथं येते. हलकी असती तर घरची कामं सोडून आले असते व्हय? आणि ही विजू आठ दिवस माझ्याकडनं कड्या-कोयंडे घेऊन जायलीये, बोलत काहीच न्हाई. मला समजत न्हाई व्हय? नको असंल तर नको म्हणा. पण आज एक विचारते, मग जाते."

त्या दिवशीच्या अध्यायात गोष्ट होती. एक भक्त नैवेद्याचे मोठे ताट घेऊन देवाच्या दारी येतो. दार काही उघडत नाही. पुढच्या वर्षी दुष्काळामुळे रिकाम्या हाताने येतो, आणि दार उघडते. मनजीतने विचारले, "दार बंद होतं म्हणता. कडी आतून होती का बाहेरून?"

कुणीतरी फिस्सकन हसले. नागूबाई कडाडल्या, "देवाच्या दाराला कडी नसती!"

"मग बंद कसं?"

"लोटलेलं आसंल."

"लोटलेलं दार तर ढकललं की उघडतं. हमारा धंदा हाय. त्यानं ढकललं कामून न्हाई?"

"अगं बाई, ढकलंल कसा? दोनी हातात ताट होतं की त्याच्या!"

आणि नागूबाई थांबल्या. तोंड उघडेच राहिले. अक्का, एवढी वर्षे ही गोष्ट आम्ही दर वर्षी वाचतो. मी त्यांच्याकडे पाहिले, त्यांनी पोथीकडे पाहिले. मग नागूबाई, त्यांचा आवाज इतका लहान मी पहिल्यांदाच ऐकला, म्हणाल्या, "म्हंजी दार देवानं लावलंच नव्हतं."

"हौ," मनजीत म्हणाली.

"हौ काय हौ? मी बोलले ते!"

"विचारलं कुणी?"

तिथून जे भांडण लागले, ते ताट खाली ठेवायला हवे होते की दाराशीच कुणाला तरी वाटून टाकायला, इथपर्यंत गेले. अंकुशरावने फोन कधी खिशात ठेवला ते कुणी पाहिले नाही. "काकू, मी जाऊ का?" असे त्याने विचारले तर नागूबाई म्हणाल्या, "जा की, मधी मधी बोलू नको." जाताना त्याने जिऱ्याचा चहा पूर्ण प्याला, बिचारा. मनजीत उठली तेव्हा नागूबाईंनी बोट रोखून बजावले, "फुडल्या गुरवारी यायचं. तुजं कुठं चुकतंय ते दावते." नमस्काराचा विषय निघाला नाही. मी एकटीच आत जाऊन पोथीला, गॅसला आणि जिऱ्याच्या डब्याला नमस्कार केला.

ता. क. २ (पुढचा सोमवार) अक्का, हे पत्र आज नक्की टाकते. आनंदाची बातमी वाचून तू निर्धास्त झाली असशील. होऊ नकोस. दोघी आता गुरुवारची वाट बघत नाहीत. नागूबाई सकाळी येतात, मनजीत दुपारी, आणि आज दोघी एकदम आल्या. प्रत्येकीचे म्हणणे की अर्थ तिचाच खरा. शेवटी त्यांनी एकमताने (त्यांचे पहिले एकमत) ठरवले, की विजू कॉन्व्हेंटात शिकलेली आहे, तिने संस्कृत घेतले होते, तर हा गुरुवार सोडून पुढच्या गुरुवारपासून प्रत्येक ओवीचा निकाल विजूच देईल. मी नाही म्हणायला तोंड उघडले आणि हो म्हणाले.

अक्का, एकीला बरोबर म्हटले की दुसरी गेली. मला दोघी हव्यात. संस्कृत म्हणशील तर मला फक्त "रामः रामौ रामाः" येते. तर पत्र मिळाल्याबरोबर दाजींना या दोघींना दाखवता येईल असे दोन ओळींचे एक पत्र लिहायला लाव, की शिवलीलाची कंबर फार बिघडली आहे, विजयश्रीला ताबडतोब पाठवा, महिनाभर तरी. अक्षर जरा थरथरते असू दे. आणि पुढच्या आठवड्यातल्या बुधवारच्या आत पोहोचेल असे बघ.